तुरुंगातले दिवस कोण मोजतो?



या वेळी वसतिगृह, बालवाडी किंवा आरोग्य शिबिराविषयी न लिहिता कायद्याविषयी लिहिते आहे. मी वकील नाही. माझे शिक्षण समाजकार्याचे आणि नंतर ईश्वरविज्ञानाच्या डिप्लोमाचे. पण सातपुड्यातल्या पाड्यांवर काम करताना कोर्ट आणि तुरुंग वाटेत येतातच. एकदा माझ्या अज्ञानाची किंमत एका आईला भरावी लागली. ती गोष्ट आधी सांगते, मग कायदा समजावते.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका पाड्यावरचा बावीस वर्षांचा तरुण चोरीच्या आरोपाखाली पकडला गेला. विहिरीवरची पाण्याची मोटार चोरीला गेली होती. त्याने ती चोरली होती की नाही, हे मला आजही ठाऊक नाही आणि या लेखाचा तो विषयही नाही. एप्रिलमध्ये त्याला अटक झाली. दुसऱ्या महिन्यात पंधरा हजारांच्या जातमुचलक्यावर आणि तेवढ्याच जामीनदारावर जामीन मंजूर झाला. पण जामीनदार आणायचा कुठून? जमीन आजोबांच्या नावावर, आजोबा वारलेले, सातबाऱ्यावर वारसांची नोंद नाही. जामीन कागदावरच राहिला आणि मुलगा तुरुंगात राहिला.

दिवाळीनंतर, नोव्हेंबरमध्ये, त्याने कंटाळून गुन्हा कबूल केला. त्या दिवशी मी त्याच्या आईला घेऊन कोर्टात गेले होते. न्यायाधीशांनी सहा महिने कैद आणि एक हजार रुपये दंड सुनावला, दंड न भरल्यास आणखी पंधरा दिवस. सरकारकडून मिळालेले वकील दुसऱ्या कोर्टात धावले. आईने माझा हात धरला. "ताई, काय झालं?" मी म्हणाले, "मावशी, सहा महिने लागतील. होळी झाली की येईल तो."

हे वाक्य चूक होते. सहा महिन्यांची शिक्षा त्याने निकालाआधीच, सात महिने आत राहून, भोगून संपवली होती. राहिला होता तो फक्त दंड. हजार रुपये त्याच दिवशी भरले असते तर मुलगा संध्याकाळी आईबरोबर एसटीत बसला असता. मला हे माहीत नव्हते. मी कोणाला विचारलेही नाही.

आई घरी गेली. मुलगा होळीपर्यंत येत नाही, मग घरात बसून काय करायचे, म्हणून तिने मुकादमाकडून वीस हजारांची उचल घेतली आणि धाकट्या मुलीला घेऊन गुजरातेत ऊसतोडीला गेली. पंधरा दिवसांनी दंडाच्या बदल्यातली कैद संपली आणि मुलगा सुटून पाड्यावर आला. दाराला काट्या लावलेल्या. तो पायी आमच्या केंद्रावर आला आणि त्याने विचारले, "ताई, आई कुठंय?"

मुकादमाला फोन लावला. उचल फिटल्याशिवाय बाईला सोडणार नाही, असे उत्तर मिळाले. तिसऱ्या दिवशी मुलगा स्वतःच कोयता घेऊन तिकडे गेला. होळीला दोघे एकत्र परत आले. मावशी माझ्यावर रागावली नाही. तिने एवढेच विचारले, "ते आधीचे दिवस धरतात, हे तुला कोणी सांगितलं नव्हतं का?"

तेव्हापासून मी वकिलांना विचारत आले आणि टिपून ठेवत आले. कायदा दिवस मोजतो. काही ठिकाणी सरकारचे दिवस मोजतो, काही ठिकाणी फिर्यादीचे, काही ठिकाणी कैद्याचे. पण कोणीतरी तारीख दाखवावी लागते. आमच्या लोकांसाठी हे काम करणारा माणूस बहुतेक वेळा नसतो.

पहिली मोजणी: खटला भरण्याची मुदत

पुष्कळांना वाटते की गुन्हा कितीही जुना झाला तरी खटला कधीही भरता येतो. गंभीर गुन्ह्यांत ते खरे आहे. खून, बलात्कार, दरोडा यांना मुदत नाही. ज्या गुन्ह्याला तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षा होऊ शकते, त्याला मुदतीचे बंधनच नाही. लहान गुन्ह्यांना मात्र आहे. फक्त दंडाची शिक्षा असेल तर सहा महिने. एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा असेल तर एक वर्ष. एक ते तीन वर्षांपर्यंतची शिक्षा असेल तर तीन वर्षे. ती मुदत गेली की न्यायालय त्या गुन्ह्याची दखल घेत नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ४६८ होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ५१४ आहे. आकडे तेच आहेत.

मुदत साधारणपणे घटनेच्या दिवसापासून मोजतात. गुन्हा झाल्याचे किंवा तो कोणी केला हे नंतर कळले असेल, तर कळल्या दिवसापासून. आरोपी फरार असेल तर ते दिवस वगळतात. मोजणी थांबते कुठे, याविषयी पूर्वी वाद होता. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवले की तक्रार किंवा खटला दाखल झाल्याची तारीख धरायची, न्यायाधीशांनी दखल घेतल्याची नव्हे. नव्या संहितेत तर स्पष्टच लिहिले आहे: कोर्टात तक्रार दाखल केल्याची किंवा पोलिसांनी खबर नोंदवल्याची तारीख धरावी. कोर्टाच्या दिरंगाईचा भुर्दंड फिर्यादीला नको, हा त्यामागचा विचार.

हा नियम आमच्या लोकांना दोन्ही बाजूंनी लागतो. एक बाजू आरोपीची. समजा, राखीव जंगलातून सरपण आणले म्हणून एखाद्या म्हाताऱ्याला चार वर्षांनी समन्स येते. १९२७ च्या भारतीय वन कायद्यातल्या मूळ कलम २६ प्रमाणे अशा गुन्ह्याला जास्तीत जास्त सहा महिने कैद आहे, म्हणजे खटल्याची मुदत एक वर्ष. राज्यांनी या कायद्यात वेळोवेळी दुरुस्त्या केल्या आहेत, म्हणून नेमके कलम आणि शिक्षा वकिलाकडून तपासावी. पण समन्स हातात पडले की पहिला प्रश्न हाच विचारावा: घटना कधीची, आणि कोर्टात तक्रार कधी दाखल झाली? आमचे म्हातारे लोक हा प्रश्न न विचारता "साहेब, चूक झाली" म्हणून दंड भरून येतात.

दुसरी बाजू फिर्यादीची, आणि ती जास्त दुखरी आहे. वीटभट्टीवर काम करणारी एक बाई आमच्याकडे आली. मालकाने तिला मारले होते, पण त्या गोष्टीला चौदा महिने झाले होते. हंगाम संपेपर्यंत ती भीतीने बोलली नाही, नंतर पावसाळा आला, नंतर मूल आजारी पडले. साध्या मारहाणीला एक वर्षापर्यंतची शिक्षा आहे, म्हणून मुदतही एक वर्षाचीच. ती टळून गेली होती.

वकीलबाईंनी तिला आणखी प्रश्न विचारले तेव्हा कळले की मारताना मालकाने सर्व मजुरांदेखत तिला जातीवरून शिव्या दिल्या होत्या. मालक आदिवासी किंवा दलित नव्हता. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात अशा अपमानाला सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तीन वर्षांपेक्षा जास्त, म्हणजे मुदतीचे बंधन नाही. शिवाय जे गुन्हे एकत्र चालवता येतात, त्यांची मुदत सर्वांत मोठी शिक्षा असलेल्या गुन्ह्यावरून ठरते. त्यामुळे मारहाणीचाही रस्ता उघडा राहिला. गुन्हा नोंदवला गेला, खटला चालू आहे.

मुदत टळली तरी न्यायालयाला विलंब माफ करण्याचा अधिकार आहे. उशिराचे कारण पटले किंवा न्यायासाठी गरज वाटली, तर खटला ऐकता येतो. म्हणून "आता उशीर झाला" असे आपणच सांगून कोणाला परत पाठवू नये. पण त्या भरवशावर बसूही नये.

दुसरी मोजणी: निकालाआधीची कोठडी

अटक झाल्यावर पोलिसांनी दोषारोपपत्र, म्हणजे लोकांच्या भाषेत चार्जशीट, ठराविक दिवसांत कोर्टात द्यावे लागते. मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत ९० दिवस, इतर गुन्ह्यांत ६० दिवस. काही विशेष कायद्यांत ही मुदत वाढवता येते. तेवढ्यात चार्जशीट आले नाही तर आरोपीला जामीन मागण्याचा हक्क मिळतो आणि न्यायालय तो नाकारू शकत नाही. मात्र चार्जशीट येण्याआधी मागावे लागते. एक्कावन्नाव्या दिवसापासूनच वकिलाच्या मागे लागले पाहिजे. दिवस कोठून मोजायचे, यावरही सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये निर्णय दिला: ज्या दिवशी दंडाधिकारी पहिली कोठडी देतात, तो दिवसही धरायचा.

खटला लांबला तर आणखी एक रेघ आहे. नव्या संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, त्या गुन्ह्याला जेवढी जास्तीत जास्त शिक्षा आहे तिच्या निम्मा काळ कच्चा कैदी म्हणून आत काढला, तर जामिनावर सोडायचे. ज्याला पूर्वी कधी शिक्षा झालेली नाही, त्याला एक तृतीयांश काळानंतरच सोडायचे. मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही. ज्याच्यावर एकापेक्षा जास्त खटले चालू आहेत, त्यालाही नाही. अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकांवर टाकली आहे. २३ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा नियम १ जुलैपूर्वीच्या प्रकरणांतल्या कैद्यांनाही लागू आहे.

२०२२ च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशातल्या तुरुंगांत दर चार बंद्यांमागे तीन कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा निकाल लागलेला नाही असे. त्या वर्षी संविधान दिनाच्या भाषणात राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू या गरीब कैद्यांविषयी बोलल्या. त्या स्वतः आदिवासी समाजातल्या. त्यानंतर, ३१ जानेवारी २०२३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने सूचना दिल्या: जामीन मंजूर होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालयाने अट सौम्य करता येईल का ते पाहावे. त्या मोटारीच्या खटल्यातला मुलगा याच खड्ड्यात अडकला होता.

तिसरी मोजणी: शिक्षेतून वजावट

आता मला जे माहीत नव्हते ते. शिक्षा लागली की निकालाआधी त्याच प्रकरणात तुरुंगात काढलेले सर्व दिवस शिक्षेतून वजा होतात. कोर्टात याला "सेट ऑफ" म्हणतात. जुन्या संहितेत कलम ४२८, नव्या संहितेत कलम ४६८. आकड्यांची गंमत अशी की जुन्या कायद्यात ४६८ म्हणजे मुदत आणि नव्यात ४६८ म्हणजे वजावट, म्हणून कलम वाचताना कोणती संहिता ते आधी पाहावे.

वजावट मागावी लागत नाही, तो हक्क आहे. पण निकालपत्रात आणि तुरुंगाकडे जाणाऱ्या वॉरंटमध्ये दिवसांचा आकडा बरोबर आहे का, हे बघावे. जामिनावर बाहेर असलेले दिवस धरत नाहीत. जन्मठेपेच्या कैद्यालाही वजावट मिळते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये ठरवले. एकाच वेळी दोन प्रकरणांत कोठडीत असलेल्या माणसाचे ते दिवस दोन्ही शिक्षांतून वजा होतात. हा निर्णय २००१ मध्ये आपल्या महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात झाला.

आणि एक गोष्ट पाठ करून ठेवा: दंड न भरल्याबद्दलच्या कैदेतून हे दिवस वजा होत नाहीत. सात महिने आत राहिलेला मुलगा हजार रुपयांसाठी आणखी पंधरा दिवस राहिला, तो यामुळे. निकालाच्या दिवशी खिशात दंडाची रक्कम असणे हे गरीब माणसाच्या बाबतीत वकिलाइतकेच महत्त्वाचे असते.

नजरकैदेचे दिवस धरतात का?

ही गोष्ट मी एका मंडळीच्या भगिनी सभेत सांगितली तेव्हा एका निवृत्त शिक्षिकेने विचारले, "टीव्हीवर नजरकैदेविषयी ऐकतो. घरात कोंडलेले दिवसही वजा होतात का?" प्रश्न चांगला होता. उत्तर असे की ती नजरकैद कोणत्या आदेशाने झाली, यावर ते ठरते.

आपल्या फौजदारी संहितेत नजरकैद या शब्दाचे वेगळे कलम नाही. भीमा कोरेगाव प्रकरणातले आरोपी गौतम नवलखा यांना २०१८ मध्ये ३४ दिवस दिल्लीतल्या त्यांच्या घरी नजरकैदेत ठेवले होते. पुढे चार्जशीटच्या मुदतीत ते दिवस धरावेत आणि आपल्याला जामीन मिळावा, असे त्यांचे म्हणणे होते. १२ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, योग्य प्रकरणात न्यायालय कोठडीचा एक प्रकार म्हणून नजरकैद देऊ शकते. वय, प्रकृती, गुन्ह्याचे स्वरूप, आधीचे वर्तन आणि अटी पाळून घेता येतील का, हे त्यासाठी बघावे. तशी दिली तर ते दिवस कोठडीचे दिवस. दुसरी, त्यांचे ३४ दिवस कोठडीच्या कलमाखालच्या आदेशाने झालेले नव्हते, म्हणून ते धरता येणार नाहीत. दार बंद होते, पहारा होता, पण कायद्याच्या वहीत ते दिवस उतरले नाहीत. शिक्षा झालेल्या कैद्यांना नजरकैदेत ठेवावे का, याचा विचार न्यायालयाने कायदेमंडळावर सोडला.

इतर देशांत याची रीत वेगवेगळी आहे. इटलीत खटल्याआधी घरात डांबलेला आरोपी कोठडीतच आहे असे मानतात आणि दिवस पूर्ण धरतात. इंग्लंडमध्ये पायाला यंत्र बांधून रोज किमान नऊ तास घरात राहण्याची अट असेल, तर एका दिवसाचा अर्धा दिवस धरतात. आपल्याकडे असे ठरलेले मोजमाप नाही.

म्हणून आपल्या लोकांना हे स्पष्ट सांगावे लागते: "गाव सोडू नको", "दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी लाव", "तालुक्यात पाऊल ठेवू नको" या जामिनाच्या अटी आहेत. त्यांनी मजुरी बुडते, स्थलांतर थांबते, घर अडचणीत येते. पण ती कोठडी नव्हे. ते दिवस शिक्षेतून वजा होत नाहीत. अट झेपत नसेल तर ती सैल करण्यासाठी अर्ज करता येतो. अट मोडून उसाच्या फडावर निघून जाणे मात्र महागात पडते.

नजरकैदेला आणखी एक बाजू आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रकृतीच्या कारणावरून नवलखा यांना पुन्हा नजरकैद मिळाली, ती नवी मुंबईत. पहाऱ्याच्या खर्चासाठी त्यांना सुरुवातीलाच दोन लाख चाळीस हजार रुपये भरायला सांगितले होते. १४ मे २०२४ रोजी जामिनाचा मार्ग मोकळा झाला तेव्हा पहाऱ्याचे म्हणून वीस लाख रुपये भरण्याची अट पडली. त्यांच्यावरच्या आरोपांचा निर्णय न्यायालय करील, आपण करू नये. पण कुडाच्या भिंतीच्या झोपडीत राहणाऱ्या माणसाला ही सवलत कशी मिळणार, हा प्रश्न मला सोडत नाही.

याच प्रकरणात अटक झालेले जेझुइट धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी आपल्या वाचकांना आठवत असतील. झारखंडमधल्या आदिवासी कच्च्या कैद्यांची माहिती गोळा करून त्यांच्यासाठी न्यायालयात दाद मागणारा हा माणूस ८ ऑक्टोबर २०२० रोजी स्वतः कच्चा कैदी झाला. वय ८३, कंपवाताचा आजार. ५ जुलै २०२१ रोजी मुंबईच्या रुग्णालयात, कोठडीतच, त्यांचे निधन झाले. जामिनाचा अर्ज तेव्हा न्यायालयासमोर होता. खटला सुरूही झाला नव्हता. त्यांचे दिवस कोणत्याच शिक्षेतून वजा व्हायचे नव्हते.

पवित्र शास्त्रातले कैदी

डिप्लोमाच्या वर्गात प्रेषितांची कृत्ये शिकताना मी पौलाचे प्रवास नकाशावर रंगवले होते. त्याच्या कोठडीचे दिवस कधी मोजले नव्हते. आता मोजते. कैसरियात सुभेदार फेलिक्सने त्याला दोन वर्षे नुसते ठेवून दिले. पैसे मिळतील ही आशा होती आणि निर्णय द्यायची इच्छा नव्हती. सुभेदार बदलला, फेस्त आला, कैदी तिथेच. पुढे रोममध्ये पौल दोन वर्षे स्वतः भाडे भरून एका घरात राहिला, बरोबर पहाऱ्याचा शिपाई. त्यालाच आज आपण नजरकैद म्हणू. तेव्हाही घराचा खर्च कैद्याचाच होता.

आणि योसेफ. प्यालेबरदाराला त्याने सांगितले होते की बाहेर गेलास की माझी आठवण कर. तो सुटला आणि विसरला. योसेफ आणखी दोन वर्षे आत राहिला. प्यालेबरदार दुष्ट नव्हता. त्याला फक्त आठवण राहिली नाही. त्या नोव्हेंबरमध्ये कोर्टाच्या पायरीवर मीही वाईट हेतूने काही बोलले नव्हते.

आपण काय करू शकतो

आता आमच्या केंद्रावर एक साधी वही आहे. कोणी कोठडीत गेला की त्याच्या नावाचे एक पान उघडायचे आणि त्यावर इतक्या गोष्टी लिहायच्या: घटनेची तारीख, पोलिसांत नोंद झाल्याची तारीख, अटकेची आणि पहिल्या कोठडीची तारीख, लावलेली कलमे आणि त्यांची जास्तीत जास्त शिक्षा, चार्जशीटची तारीख, जामिनाचा हुकूम आणि त्याच्या अटी, पुढची तारीख. खाली साठावा आणि नव्वदावा दिवस लाल शाईने. निकाल लागला की दंडाचा आकडा. ही वही आमची दहावी शिकलेली एक कार्यकर्ती सांभाळते. त्यासाठी वकिली शिकावी लागत नाही.

वकिलासाठी पैसे नाहीत, हेही कारण राहू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला, स्त्रियांना आणि कोठडीतल्या प्रत्येकाला उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुक्याला विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला प्राधिकरण, आणि अनेक ठिकाणी आता लोकअभिरक्षक कार्यालयही आहे. १५१०० हा मदतीचा फोन क्रमांक आहे. तो आपल्या मंडळीच्या सूचना फलकावर लावा.

आपल्यातले जे वकील, निवृत्त कारकून, शिक्षक आहेत, त्यांना माझी विनंती आहे: महिन्यातून एक दिवस द्या. कोर्टात जाऊन तारीख विचारणे, निकालाची प्रत काढणे, वजावटीचा आकडा ताडून पाहणे, एवढेच काम आहे. ज्यांना पैशाने मदत करायची आहे त्यांच्यासाठी आम्ही दंडाचा एक छोटा निधी ठेवला आहे. हजार-दोन हजारांसाठी कोणी आत राहू नये, एवढाच त्याचा हेतू.

काही वाचक विचारतील, चोरांना सोडवणे हे मिशनचे काम आहे का? आम्ही कोणाला शिक्षेतून सोडवत नाही. न्यायालयाने जेवढी शिक्षा दिली तेवढीच भोगावी, एक दिवसही जास्त नको, एवढेच आम्ही पाहतो. तो जास्तीचा दिवस कोणत्याही न्यायाधीशाने दिलेला नसतो. आमच्या दुर्लक्षाने तो त्या माणसाच्या माथी पडतो.

मावशी आजही आमच्या केंद्रावर येते. मुलगा आता बारडोलीकडे मुकादमाच्या हाताखाली न जाता स्वतःच्या शेतात मिरची लावतो. आजोबांच्या सातबाऱ्यावर वारसांची नोंद करून घेतली, त्याला दोन वर्षे लागली. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या पाड्यावरचा एक पोरगा मारामारीत आत गेला, तेव्हा त्याच्या आईला मावशीच आमच्याकडे घेऊन आली. ती म्हणाली, "ताई, वही काढ. आजचा दिवस पहिला."

प्रार्थनेसाठी विषय: कोठडीत असलेले आपल्या भागातले तरुण आणि त्यांच्या आया, उसाच्या फडावर गेलेली कुटुंबे, लोकअभिरक्षक कार्यालयातले तरुण वकील, आणि वही सांभाळणारी आमची भगिनी.